नव्या मशीनला खाचच नाही

अरे, आमच्या घरात डीव्हीडी लावायला धाकट्या भावाचं गेमचं मशीन तेवढं उरलं होतं. त्यात ताईच्या लग्नाची डिस्क, एकुलती एक. आमचे वडील, नाना, गेल्यापासून आई सणासुदीला ती लावायचीच. मांडवात माइक धरून नाना सगळ्यांना जेवूनच जायला सांगतात, "बठ्ठासनी जेवीसनच जावानं!" तेवढं ऐकायचं आणि बंद. चरे पडतील म्हणून डिस्क मशीनमधून काढायचीच नाही, हा आईचाच नियम.

दिवाळीआधी धाकट्याने जळगावहून एक्स्चेंजमध्ये नवं मशीन आणलं. "आई, चित्र बघ किती स्वच्छ! जुन्यातलं सगळं यात घेतलंय, काही राहिलं नाही."

"मग नानांना लाव."

त्याने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. नव्या मशीनला डिस्क घालायची खाचच नव्हती, आणि डिस्क जुन्यातच गेली होती. दुकानदाराला फोन लावला, तर मशीन विकलं गेलेलं. कोणाला, ते त्याला आठवेना.

धाकटा रडवेला झाला. आई बंद टीव्हीकडे बघत म्हणाली, "जाऊ दे रे. ज्यांच्या घरी गेले असतील, त्यांनाही जेवूनच जा म्हणत असतील."