तिसरी घंटा

सिस्टर : छत्र्यांच्या स्टँडमध्ये?

लेक : हो. नेम अजून शाबूत आहे.

सिस्टर : हसू नका. आमच्या ज्येष्ठांच्या केंद्रात या आठवड्यात दोन खुर्च्या भिजल्या. तिसरी भिजली की तुमच्या बाबांचं नाव काढणार आहेत.

लेक : मग दिवसभर त्यांच्यापाशी कोण बसणार? माझी नोकरी गेलीच म्हणा.

सिस्टर : दर दोन तासांनी विचारता ना, जायचंय का म्हणून?

लेक : विचारते. म्हणतात, ड्यूटीवर आहे. अडतीस वर्षं नाट्यगृहाचे डोअरकीपर. निवृत्त झालेले विसरलेत, ड्यूटी नाही विसरले. म्हणून काल शक्कल लढवली. मध्यंतराची घंटा वाजवली.

सिस्टर : आणि?

लेक : ताडकन उठले, बाथरूमचं दार उघडून उभे राहिले. "रांगेत या, ढकलाढकली नको." मला आत पाठवलं, आईला पाठवलं, गॅसवाल्यालाही सोडलं नाही. घरादाराची सोय झाली. त्यांची तेवढी सोफ्यावर.

सिस्टर : चुकलं तुमचंच. प्रेक्षकांआधी डोअरकीपर जाईल कसा? थांबा, त्यांनाच विचारते. काका, तुम्ही कधी जायचात हो?

बाबा : कुठे?

सिस्टर : मोकळं व्हायला.

बाबा : लोक जागेवर बसले, तिसरी घंटा झाली, दिवे गेले, की मग. त्याआधी दार सोडलं तर फुकटे घुसतात.

लेक : अडतीस वर्षं कळ काढली म्हणजे. चला सिस्टर, तुम्हीही प्रेक्षक.

(घंटा. दोघी बाथरूममध्ये जाऊन येतात आणि खुर्च्या पुढेमागे मांडून बसतात.)

बाबा : पुढच्या बाई, जरा सरकून बसा. तुमच्या अंबाड्यामुळे मागच्यांना नाटक दिसत नाही.

सिस्टर : सरकले.

लेक : तिसरी घंटा द्या. मी पडदे ओढून इथला दिवा घालवते. आतला राहू दे.

सिस्टर : काका निघाले बरं का. उजेडाच्या रोखानं, सरळ.

लेक : हळू बोला. खेळ सुरू झालाय.

सिस्टर : ही घंटा उद्या केंद्रात पाठवा.

लेक : तिथे प्रेक्षक कुठून आणणार?

सिस्टर : चौदा आहेत. सगळ्यांचीच सोय लागेल.

बाबा : (आतून) बाहेर दाराशी कोण आहे?

लेक : मी आहे, बाबा. कोणाला सोडत नाही.

बाबा : मग सावकाश येतो.