वारुळापर्यंतची वाट

मी चन्नवीर बसलिंगप्पा हत्तुरे, वय ३६ वर्षे, धंदा गिरणीत फिटर, राहणार शेळगी, सोलापूर. ऑगस्ट १९७५. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मयत शरणम्मा, वय ६२, ही माझी आई.

आमचे परसात घरापासून तीस पावलांवर वारूळ आहे. आई दर नागपंचमीस तेथे दूध घालते. यंदा गाजरगवत व काटेरी झुडपे कमरेइतकी वाढून वाट बुजली होती. पंचमीस आमच्यात काही कापत, चिरत नाहीत. म्हणून आई पंधरा दिवस आधीपासून वाट साफ करण्यास सांगत होती. शेजारी ज्ञानू विळ्याने काढून देतो म्हणाला. मी नको म्हणालो. मी फिटर माणूस, मला गवत कापायचे यंत्रच पाहिजे होते.

दुकानात विजेवरचे यंत्र तयार होते. परंतु ओल्या गवतातून वायर ओढायची, शॉकचे भय. पेट्रोलचे पुण्याहून मागवावे लागे. जिवाला धोका नको म्हणून मी पेट्रोलचे निवडले. आठ दिवसांत येणार होते, ते आले नाही. ज्ञानू दोनदा विळा घेऊन आला व "खाईन तर तुपाशी, न्हाय तर उपाशी" असे म्हणून परत गेला. मीही हसलो.

यंत्र पंचमीचे सकाळी नऊ वाजता आले. मी पाते बसवू लागलो तेव्हा आईने हात धरला. "आज पातं चालवायचं न्हाय. उद्या काप की." मी ऐकले. ती दुधाची वाटी घेऊन गवतात शिरली. मी बरोबर येतो म्हणालो, तर तू आपलं यंत्र बघ म्हणाली. ती रागावली नव्हती. हे लिहून घ्यावे.

थोड्या वेळाने ती आपल्या पायांनी परत आली व पायरीवर बसली. उजव्या घोट्यावर दोन खुणा होत्या. मी गवतातून धावत गेलो, तो नाग मला वारुळाजवळ दिसला. माझ्या हातात पाना होता. आई पायरीवरून म्हणाली, "मारू नगंस. आज त्याचा सण हाय." मी मारला नाही. दवाखान्यात नेले. अकरा चाळीसला ती गेली.

माझा कोणावर संशय नाही. दोष माझा आहे. त्याची जबाबात गरज नाही असे हवालदार म्हणाले, तरी लिहा असे मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी पंचांना वारुळापर्यंत जाता यावे म्हणून ज्ञानूने विळ्याने वाट काढली. त्यास दोन तास लागले. यंत्र पेटीत आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. दोन तास ही ओळ मी पुन्हा वाचावयास लावली. तीही बरोबर आहे.