गोंदणावरची फुंकर

शिरूरला कातडीच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आजी आणि तिची कॉलेजातली नात बसली होती. आजीच्या मनगटावर गोंदणाला लागूनच चामखीळ होती, आणि तिच्यावर पांढरं मलम थापलं होतं.

"अपेक्षा, लावलं ना मलम? चल मग घरी, केंदूरला."

"आज्जी, ह्यानं चामखीळ जात न्हाई. ह्यानं नुसतं बधिर होतं. मग डॉक्टर ती जाळणार."

"आन् गोंदण?"

"कडंचा एक ठिपका जाईल म्हणले."

"लई दुखलं होतं गं हे गोंदताना. आईनं मला मांडीत आवळून धरलं होतं. गोंदणारीण सुई टोचायची आन् आई फुंकर घालायची. फुंकर थांबली की मी रडायची."

"आता रडायचं काम न्हाई. हे बघ, चिमटा काढला. कळला?"

"न्हाई."

"झालं की मग बधिर."

"अपेक्षा, जरा फुंकर घाल."

"दुखत न्हाई ना पण?"

"न्हाई दुखत. तरी घाल."

"बरं... घातली."

"कवा?"

"आत्ताच की."

"कळलीच न्हाई गं. आजून एकदा घाल."