वनमालाबाईंचा फलक

सन्माननीय अध्यक्ष देवदत्त साळवीसर, प्रमुख पाहुण्या नमिताताई, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या ग्रंथपाल वनमालाबाई, आणि घाटकोपरच्या या वाचनालयातल्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

आपल्या उपनगरांची माहिती आपणच इंटरनेटवर लिहायची, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने सुधारायचं, असा खुला कोश बाईंनी इथे सुरू केला. मानधन नाही, प्रमाणपत्र नाही. मग लोकांनी यायचं कशाला? बाईंनी दाराशी फळा टांगला. महिन्यात कोणी किती संपादनं केली, म्हणजे किती वेळा लिहून जतन केलं, नावासकट. कोशावर हे आकडे कोणालाही दिसतातच. बाईंनी ते आपण चपला काढतो तिथे आणले, इतकंच.

माझ्या घरातली मी पहिली पदवीधर. फलकावर नाव लागलं तेव्हा आई मुद्दाम बघायला आली. म्हणाली, "खालून दुसरी? घरी तर मोठमोठ्या गप्पा मारतेस गं!" त्याच आठवड्यात मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारावर लेख लिहिला.

मग आमच्या सिद्धेशने कमाल केली. गोराईच्या होड्यांवर एकच लेख, पण प्रत्येक वाक्य वेगळं जतन केलं. थेट पहिला नंबर! तोवर पहिली असलेली माधुरी भडकली, "लेख लिहितोस की रिक्षाचं मीटर पळवतोस रे?"

"नियमात बसतं ना यार!"

काहीजण रुसून यायचे बंद झाले. फलक काढा, अशी मागणी आली. बाईंनी काढला नाही. एक रकाना वाढवला, दुसऱ्यांचे किती लेख सुधारलेत? सिद्धेशपुढे शून्य. तो माधुरीशेजारी खुर्ची ओढून बसला. "दे, तुझा लेख दे." "आधी वडापावचे हात धुऊन ये," ती म्हणाली. रुसलेलेही हळूहळू परतले.

हे आज का सांगतेय? चहानंतर कार्यकारिणीची बैठक आहे आणि फलक उतरवण्याचा ठराव तिच्यापुढे आहे. स्पर्धेने सेवाभाव बिघडतो, असं त्यात म्हटलंय. मला ते नम्रपणे अमान्य आहे. विनामूल्य काम करणाऱ्यालाही वाटतं, आपलं काम कोणीतरी पाहावं. यात लाज कसली? मोजणं चुकत असेल तर मोजणं सुधारू. नावं कशाला पुसायची?

बाईंनी स्वतःचं नाव मात्र कधी लावलं नाही. "मोजणारी मीच, मग मी कशी धावू?" म्हणायच्या. बाई, उद्यापासून मोजणारी मी. तुमचं नाव सगळ्यांत खाली लिहिणार आहे. तिथून वर कसं यायचं, ते तुम्ही बघा!

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. आवाज थोडा चढला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून सांभाळून घ्या. अध्यक्षमहोदय, खडू मी आणलाय. फळा तेवढा राहू द्या.