मी नवा सर झालो

हसा लेको, पण शनवाऱ्याच्या चौकात जाऊन बोंबलू नका. आमच्या वस्तीतल्या सरकारी शाळेत बाई एकच. पोरांना वाचता-मोजता येत नाही म्हणून सरकारनं मोठी मोहीम काढली, आणि ते शिकवायचं कसं हे शिकायला त्या एकट्या बाईंनाच सारखं प्रशिक्षणाला बोलावलं. पोरं आपली जेवण शिजेपर्यंत नुसती बसून.

मला म्हाताऱ्याला गप बसवतंय का? खिशाला पेन अडकवलं आणि घुसलो वर्गात. "मी नवा सर!"

सगळी ताडकन उभी. एका पोरीनं फ्रॉकनं खुर्ची पुसली. "सर, बैठो ना." मग नवंकोरं पुस्तक पुढं केलं. "हे वाचून शिकवा."

झाली ना पंचाईत! मी चौथी नापास. बोट ठेवून, अडखळत वाचत गेलो. पोरं माझ्यामागून तस्संच अडखळत म्हणत गेली. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

सुटताना मी सांगून टाकलं, "पोरांनो, मी सर-बिर नाही रे. मजाक केला."

ती पोरगी पुस्तक दप्तरात कोंबत म्हणाली, "मालूम होतं, बाबा. उद्याबी मजाक करायला या ना."