कोरी दिसलेली सीडी

पनवेलच्या एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानात केतन आपल्या लॅपटॉपची वाट पाहत कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. उरणकडचे कोळी जोडपे, काशिराम आणि मैना, दुकानदार कल्पेशशी बोलत होते. परक्यांचे बोलणे ऐकू नये असे मनाशी ठरवूनही केतनचे कान तिकडेच लागले.

"दादा, या कोऱ्या सीडीवर पोरीच्या हळदीची गानी भरून दे."

"काका, ही कोरी नाही. मागे पुसट वर्तुळ दिसतंय बघा. कशावर भरलेली?"

"बेंजो पार्टीवाल्याच्या मशीनवर. आमची आय लग्नात धवले गायची, तिची गानी व्हती. ती गेली नि भाच्यान् कंप्युटरला लावली, त कोरीच निघाली."

"दिसणारच कोरी! भरून झाल्यावर त्याच मशीनवर ती बंद, म्हणजे 'फायनलाइज', करायची असते. तोवर कॉम्प्युटरला आतलं काही दिसत नाही. गाणी होती त्यात."

"म्हंजे आय यातच व्हती?"

"होती. आता रंगच उडालाय हिचा, कुठल्याच मशीनवर वाजायची नाही. उन्हात ठेवली होती का?"

काशिराम बायकोकडे वळला.

"मैना, तू बोल ना गो."

"मी काय बोलू? तुमीच टांगलीत सुकत्या बोंबलांवर. कोरी हाय, चमकंल, कावले येनार नाय, बोललाव."

"नाय आले."

"आय व्हती तवर तीच हाकलायची त्यांना, वरडून वरडून."