चतुराबाईंचं हाफ तिकीट

२००१ साली पासष्टी ओलांडली की एसटीचं निम्मं भाडं वाचायचं. नाशिक रोडहून नवऱ्यासोबत, कोंडाजींसोबत, सिन्नरला निघालेल्या चतुराबाईंना वय वाढल्याचा तेवढाच फायदा होता.

"मावशी, वयाचा पुरावा?" कंडक्टरनं विचारलं.

"हे कार्ड. मनात वाच, आकडा बोलू नको."

"पासष्ट झाली, एवढं बास. एक हाफ! काका, तुमचं?"

"मला चौसष्टच हायत. फुल द्या."

"थांब बाबा, माझं बी फुल कर! मी यांच्याहून दोन वर्षांनी धाकटी हाय. कार्डात चुकलंय."

"अगं, तुझ्या मामानं पहिल्या दिवाळीलाच खरं वय सांगितलं व्हतं."

"मंग तुमी इतकी वर्षं बोलला का नाय?"

"'मी धाकटी' म्हणताना लाजायचीस, लय गोड दिसायचीस. मास्तर, कार्डात चुकलंय. दोन फुल फाडा."

दोन्ही तिकिटांचे पैसे कोंडाजींनी दिले.